गडचिरोली ते नागपूर : रुग्णवाहिकेचे भाडे कोणी भरायचे?

नागपूरच्या रुग्णालयांत दाखल होणारे सगळेच रुग्ण नागपूरचे नसतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, वर्धा आणि यवतमाळ या जिल्ह्यांतून, शिवाय मध्य प्रदेशातील छिंदवाडा, सिवनी आणि बालाघाटहून रोज माणसे येथे आणली जातात. मेडिकल, मेयो, सुपर स्पेशालिटी, मिहानमधील एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतील खासगी रुग्णालये ही या संपूर्ण पट्ट्यासाठी उपचाराची शेवटची आशा आहे. यांपैकी पुष्कळ कुटुंबांचा उपचाराचा खर्च आज शासनाच्या योजनेतून भागतो, शस्त्रक्रियेसाठी एक पैसाही द्यावा लागत नाही, आणि तरीही ही कुटुंबे उसनवारी करूनच नागपुरात उतरलेली असतात. उसने कशासाठी घेतले असे विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : गाडीचे भाडे द्यायला.

मी सरकारी मालकीच्या एका सर्वसाधारण विमा कंपनीच्या क्लेम विभागात नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून ओळखीतल्या, शेजारपाजारच्या आणि त्यांच्या गावाकडच्या लोकांचे दवाखान्याचे कागद पाहून देतो. या कामात जी एक गोष्ट सतत टोचत राहिली, तिच्याविषयी आज सविस्तर लिहितो आहे. आपल्या सार्वजनिक आरोग्य विम्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून डायलिसिसपर्यंत प्रत्येक गोष्टीचा दर ठरलेला आहे. परंतु रुग्णाला त्या टेबलापर्यंत जिवंत पोहोचवण्याचा दर कोठेही लिहिलेला नाही. तो ठरला पाहिजे, योजनेच्या यादीत आला पाहिजे आणि कुटुंबाच्या खिशाला हात न लावता थेट गाडीवाल्याला मिळाला पाहिजे, एवढे माझे म्हणणे आहे.

काही महिन्यांपूर्वी माझ्यासमोर आलेली एक पावती डोळ्यांसमोरून जात नाही. पातळ गुलाबी कागदाच्या पुस्तकातून फाडलेली, कार्बनची दुसरी प्रत. वर रुग्णवाहिकेचे चित्र आणि दोन मोबाइल क्रमांक, खाली निळसर, पुसट अक्षरांत ‘गडचिरोली ते नागपूर, अप-डाऊन, ऑक्सिजनसह’ आणि त्यापुढे ८,५०० रुपये. गाडीचा क्रमांक नाही, किती किलोमीटर धावली ते नाही, निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ नाही. रुग्णाच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता. जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनी ताबडतोब नागपूरला न्या म्हणून रेफर चिठ्ठी दिली होती, त्या वेळी १०८ ची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन बाहेर गेलेली होती आणि नातेवाइकांनी फाटकाबाहेर उभी असलेली खासगी गाडी ठरवली. पुढे शस्त्रक्रिया झाली, योजनेत बसली, डिस्चार्ज कार्डावर रुग्णाने भरावयाची रक्कम शून्य होती. रुग्णाचा मुलगा मला फक्त एवढेच विचारायला आला होता की, ‘काका, ह्या पावतीचे काही होईल का?’

काही होणार नव्हते. का होणार नव्हते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आपल्याकडचे गडचिरोली आणि अमरावती होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. तिच्या पॅकेजमध्ये खाटेचे भाडे, शुश्रूषा, तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया, रुग्णाचे जेवण आणि एक परतीचा प्रवास असे सर्व धरलेले होते. हा परतीचा प्रवास म्हणजे रुग्णालयातून घरी जाण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या द्वितीय श्रेणीचे भाडे. ज्यांनी हे कलम घातले त्यांचा हेतू चांगलाच होता; उपचार झाल्यावर गरीब माणूस नागपुरात अडकून पडू नये, हा विचार त्यामागे दिसतो. परंतु बारकाईने पाहिले तर त्यात जाण्याची सोय आहे, येण्याची नाही, आणि जी सोय आहे ती बसमध्ये बसू शकणाऱ्या माणसासाठी आहे. गडचिरोली ते नागपूर हे अंतर साधारण १७० किलोमीटर आहे. एसटीच्या साध्या बसचे त्याचे भाडे ३०० रुपयांच्या आसपास होते. स्ट्रेचरवर पडून, नाकात नळी घालून त्याच रस्त्याने उलट दिशेने यायचे झाले, तर किती लागतात ते त्या गुलाबी पावतीवर आहे.

त्याआधीची केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना २००८ मध्ये आली होती. पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण आणि दर भरतीमागे १०० रुपये प्रवासखर्च, वर्षभरात जास्तीत जास्त १,००० रुपये, अशी तिची रचना होती. शंभर रुपये त्या काळीही अपुरेच होते. तरीसुद्धा त्या योजनेने एक तत्त्व मान्य केले होते, की प्रवास हा उपचाराच्या खर्चाचाच भाग आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली, संरक्षण एकदम ५ लाखांवर गेले, दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि सुटीनंतरचे पंधरा दिवस पॅकेजमध्ये आले, परंतु लाभांच्या त्या यादीत प्रवासाला जागा मिळाली नाही. संरक्षणाची रक्कम कितीतरी पटींनी वाढली आणि ते छोटेसे तत्त्व मात्र वाटेत गळून पडले, याची मला खंत वाटते.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आणि निवृत्तांसाठी असलेल्या सीजीएचएसमध्ये, जी नागपुरातही आहे, रुग्णवाहिकेचे पैसे परत मिळतात. त्याची अट अशी की, अन्य वाहनाने नेल्यास रुग्णाच्या जिवाला धोका झाला असता किंवा त्याची प्रकृती गंभीरपणे खालावली असती, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यावे लागते आणि प्रवास शहराच्या हद्दीतला असावा लागतो. पहिली अट मला रास्त वाटते. दुसरी अट सोनेगावहून धंतोलीला येणाऱ्यासाठी ठीक आहे. निवृत्तीनंतर आपल्या मूळ गावी, उमरेडला किंवा काटोलला जाऊन राहिलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही.

सर्वांत स्वच्छ तरतूद आहे ती बाळंतिणींची. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, जो १ जून २०११ पासून देशभर लागू आहे, घरापासून सरकारी रुग्णालयापर्यंत, तेथून गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयापर्यंत आणि पुन्हा घरापर्यंत, असा तिन्ही टप्प्यांचा प्रवास मोफत आहे. आजारी नवजात बालकालाही तो लागू आहे. म्हणजे घर, पहिले रुग्णालय, दुसरे रुग्णालय आणि परत घर ही साखळी कशी असते, हे शासनाला चांगले माहीत आहे. मेंदूतल्या रक्तस्रावाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाची साखळी याहून वेगळी नसते.

आता १०८ विषयी. या सेवेबद्दल मला मनापासून आदर आहे आणि तिच्यावर टीका करण्यासाठी हा लेख नाही. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात ती ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली : २३३ प्रगत जीवरक्षक प्रणालीच्या आणि ७०४ मूलभूत प्रणालीच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर असतो, ही महाराष्ट्राच्या सेवेची मोठी जमेची बाजू आहे, आणि रुग्णाला कोणतेही पैसे द्यावे लागत नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे त्या वेळी साधारण एक लाख वीस हजार लोकांमागे एक गाडी पडत होती. सपाट, दाट वस्तीच्या जिल्ह्यात हा हिशेब चालून जातो. एटापल्ली-भामरागडसारख्या तालुक्यांत, जेथे लोकसंख्या कमी आणि अंतरे अफाट आहेत, तेथे लोकसंख्येच्या प्रमाणात गाड्या वाटून भागत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी. अपघाताच्या जागेवरून किंवा घरातून रुग्णाला जवळच्या योग्य रुग्णालयात आणणे हे एक काम आहे, आणि एका रुग्णालयातून दीडदोनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात नेणे हे दुसरे काम आहे. गडचिरोलीहून १०८ ची एक गाडी नागपूरला निघाली की जाण्याचे चार तास, येण्याचे चार तास आणि येथे कॅज्युअल्टीत रुग्ण सोपवण्यात जाणारा वेळ एवढा काळ तिच्या मूळ भागात ती गाडी नसते. त्या दिवशी तेथे कोणाला साप चावला, कोणाची मोटारसायकल घसरली, तर त्याने काय करायचे? म्हणून १०८ चा चालक किंवा डॉक्टर लांबच्या रेफरला कां-कूं करतो तेव्हा नातेवाइकांना राग येतो, ते स्वाभाविकच आहे. पण त्याच्याही मनात हा हिशेब असतो. लांब पल्ल्याच्या रुग्णालय-ते-रुग्णालय प्रवासासाठी वेगळ्या गाड्या आणि वेगळा पैसा असल्याशिवाय ही ओढाताण थांबणार नाही, आणि तोपर्यंत ती जागा खासगी गाड्याच भरून काढणार.

खासगी गाड्यांचे भाडे ऐकून लोक लूट असा शब्द वापरतात. करोनाच्या काळात लूट झाली, यात शंका नाही. ११ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना सांगावे लागले की रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरवा. आपल्याकडे परिवहन विभागामार्फत गाडीच्या प्रकारानुसार, पहिले काही किलोमीटर किंवा तास आणि त्यापुढे दर किलोमीटरला इतके, अशा पद्धतीने दर बांधले जातात. हे आवश्यकच होते. परंतु कमाल दर ठरवल्याने कुटुंबाने किती द्यायचे याला लगाम बसतो. कुटुंबानेच का द्यायचे, हा प्रश्न तेथेच राहतो. शिवाय रात्री दोन वाजता, रुग्ण स्ट्रेचरवर असताना, दरपत्रक कोणते आणि किलोमीटर किती, यावर घासाघीस करण्याच्या स्थितीत कोणीही नसतो.

सामान्य दिवशी त्या भाड्यात खरोखर काय काय असते, हे मी काही चालकांशी बोलून समजून घेण्याचा प्रयत्न केला. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीबाहेर एक चालक आपल्या ट्रॅव्हलरच्या मागच्या पायरीवर बसला होता. रुग्ण आत गेला होता, पण वॉर्डात खाट आणि स्ट्रेचर रिकामे होईपर्यंत त्याच्याच गाडीचे स्ट्रेचर आत अडकून पडले होते, आणि ते घेतल्याशिवाय तो निघू शकत नव्हता. मी अप-डाऊन भाड्याविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘जातानाचं डिझेल पेशंटवाले देतात साहेब, येतानाचं कोण देईल जी? रिकामी गाडी काय पाण्यावर चालते?’ त्याची तक्रार मला खरी वाटली. टॅक्सीला परतीचे भाडे मिळण्याची शक्यता असते. रुग्णवाहिकेला परतीचा रुग्ण क्वचितच मिळतो. त्यामुळे १७० किलोमीटरच्या प्रवासाचे डिझेल ३४० किलोमीटरचे असते.

ऑक्सिजनचा हिशेब याहून बारीक आहे. गाडीत जो लहान सिलिंडर असतो, त्यात साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लावायचा असेल, तर तो अडीच तासांत संपतो. गडचिरोलीहून चार तास लागले तर २,४०० लिटर हवा. म्हणजे एकतर दोन लहान सिलिंडर घ्यायचे आणि मध्येच, ब्रह्मपुरी किंवा भिवापूरच्या आसपास, गाडी बाजूला घेऊन बदलायचे, नाहीतर ७,००० लिटरचा जंबो सिलिंडर सोबत ठेवायचा. ज्या गाडीत फक्त चालक आहे आणि मागे घाबरलेले नातेवाईक बसले आहेत, तेथे सिलिंडर बदलायचा कोणी? म्हणून प्रशिक्षित सहायक हवा, त्याचा पगार हवा. भाडे ठरवताना घासाघीस झाली, तर सर्वांत आधी हा सहायकच गाळला जातो, आणि नातेवाइकांना ते कळतही नाही.

गाड्यांचेही प्रकार आहेत. रुग्णवाहिकांच्या राष्ट्रीय मानकात, एआयएस-१२५ मध्ये, चार प्रकार सांगितले आहेत : ‘ए’ म्हणजे प्रथम प्रतिसाद वाहन, ‘बी’ म्हणजे केवळ रुग्ण वाहतुकीचे वाहन, ‘सी’ म्हणजे मूलभूत जीवरक्षक आणि ‘डी’ म्हणजे प्रगत जीवरक्षक. व्हेंटिलेटर असलेली ‘डी’ गाडी आणि आत एक बाकडे टाकलेली ओम्नी यांना लोक एकाच नावाने ओळखतात आणि भाडे तेवढे वेगवेगळे का, म्हणून भांडतात. विमा योजनेने दर बांधायचे ठरवले, तर प्रकार नव्याने शोधून काढण्याची गरज नाही. वर्गवारी तयार आहे.

मध्येच एक व्यावहारिक गोष्ट सांगतो, कारण अनेकांना ती माहीत नसते. राष्ट्रीय महामार्गांवर रुग्णवाहिकेला टोल माफ आहे आणि रुग्णवाहिकेच्या सेवेवर जीएसटी लागत नाही. बिलात या दोन बाबी लावलेल्या दिसल्या, तर जरूर विचारा. ज्यांची स्वतःची आरोग्य विमा पॉलिसी आहे त्यांनी पावतीवर गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, कोठून कोठे आणि किलोमीटर लिहून घ्यावेत, सोबत रेफर चिठ्ठीची प्रत जोडावी. मात्र अपेक्षा माफक ठेवावी. विमा नियामकाने १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना विकायला लावलेल्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत रस्त्यावरील रुग्णवाहिकेची मर्यादा दर भरतीमागे २,००० रुपये आहे. शहरातल्या शहरात ती पुरते. गडचिरोलीच्या त्या पावतीला लावली, तर ६,५०० रुपये खिशातूनच जातात.

दर बांधायचा कसा, याचा विचार करताना मी अमेरिकेतील मेडिकेअरची पद्धत वाचली. मेडिकेअर हा तेथील ६५ वर्षांवरील आणि अपंग नागरिकांसाठीचा सरकारी विमा. तेथे १ एप्रिल २००२ पासून रुग्णवाहिकांसाठी एक राष्ट्रीय दरपत्रक लागू झाले. त्यात प्रत्येक फेरीचे दोन भाग असतात : सेवेच्या पातळीनुसार एक मूळ रक्कम, आणि रुग्ण गाडीत असताना कापलेल्या प्रत्येक मैलाचे वेगळे पैसे. मूळ रक्कम ठरवण्यासाठी पातळ्यांना वजन दिले आहे. तातडीची नसलेली मूलभूत सेवा १.०० धरली, तर तातडीची मूलभूत सेवा १.६०, तातडीची प्रगत सेवा १.९०, प्रगत सेवेची वरची पातळी २.७५ आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात अत्यवस्थ रुग्ण नेण्याची विशेष सेवा ३.२५. हा शेवटचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या कामासाठी आपल्याकडे एकही ओळ नाही, त्याला तेथे सर्वांत जास्त वजन आहे.

ग्रामीण भागाचा विचारही त्या दरपत्रकात दिसतो. रुग्ण ग्रामीण भागातून उचलला असेल, तर पहिल्या १७ मैलांना, म्हणजे सुमारे २७ किलोमीटरना, दीडपट दर मिळतो. अतिविरळ वस्तीच्या भागांत मूळ रकमेवर २२.६ टक्के वाढ मिळते. कारण सरळ आहे : जेथे दिवसाला एखादाच फोन येतो तेथेही गाडी, चालक आणि सहायक दिवसभर तयार ठेवावेच लागतात, आणि तो सगळा खर्च त्या एकाच फेरीवर पडतो. अग्निशमन दलाला आगी किती लागल्या यावर पगार दिला, तर जे होईल तेच येथे होते. शिवाय मेडिकेअरचा रुग्ण नेणाऱ्या गाडीवाल्याला ठरलेला दर पूर्ण मोबदला म्हणून स्वीकारावाच लागतो. त्यातील ८० टक्के विमा देतो, २० टक्के रुग्णाने द्यायचे असतात, आणि त्यावर एक डॉलरही जास्त मागता येत नाही.

ती व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. रुग्णाला प्रत्यक्ष नेले तरच पैसे मिळतात. जागेवर उपचार करून रुग्ण सावरला आणि न्यावे लागले नाही, तर सहसा काहीच मिळत नाही. ग्रामीण वाढीतला काही भाग तात्पुरता म्हणून दिलेला आहे आणि तेथील संसदेला तो पुन्हा पुन्हा वाढवून द्यावा लागतो. खासगी विमा असलेल्यांची अवस्था तर आणखी बिकट. अनपेक्षित बिलांपासून संरक्षण देणारा तेथील कायदा १ जानेवारी २०२२ रोजी लागू झाला, तेव्हा हवाई रुग्णवाहिका त्यात घेतल्या गेल्या आणि रस्त्यावरच्या वगळल्या गेल्या. आपण ती पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही. दराचे घटक वेगळे करून पाहण्याची तिची रीत मात्र आपल्या कामाची आहे.

त्या रीतीने आपल्या भागाचा विचार केला, तर मला असे दिसते. जिल्हा रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी दिलेली रेफर चिठ्ठी हीच प्रवासाची पूर्वमंजुरी मानावी, कारण त्या क्षणी दुसरी मंजुरी मागायला वेळ नसतो. चिठ्ठीवरच डॉक्टरांनी गाडीचा प्रकार लिहावा, ‘बी’, ‘सी’ की ‘डी’, म्हणजे ओम्नीत व्हेंटिलेटरचा रुग्ण घालण्याचा प्रश्न उरणार नाही आणि साध्या हाडमोडीसाठी ‘डी’ गाडीचे बिलही लागणार नाही. प्रकारानुसार मूळ रक्कम, रुग्णासह कापलेल्या किलोमीटरचा दर, ठरावीक अंतरापुढे रिकाम्या परतीचा काही वाटा, आणि रुग्णालयात पोहोचल्यावर पहिल्या तासानंतरच्या हॉल्टिंगचे, म्हणजे थांबून राहण्याचे, पैसे, एवढे घटक पुरेत. हॉल्टिंगचे पैसे मी मुद्दाम सुचवतो आहे. आज स्ट्रेचर अडकल्याची किंमत चालक मोजतो आणि पुढे भाड्यातून रुग्ण मोजतो. तीच रक्कम दर महिन्याला यंत्रणेच्या हिशेबात दिसू लागली, तर कॅज्युअल्टीत स्ट्रेचर वाढवण्याचा निर्णय लवकर होईल, असे मला वाटते. अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा यांसारख्या तालुक्यांना वाढीव दर द्यावा. पैसे गाडीवाल्याच्या खात्यात थेट जावेत. आधी कुटुंबाने भरायचे आणि नंतर मागायचे ही पद्धत पगारदारासाठी ठीक आहे. धानाच्या हंगामावर घर चालणाऱ्याला आधी भरण्यासाठीच सावकाराकडे जावे लागते.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो. १ जुलै २०२४ पासून फुले योजनेत राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले आहे, पांढऱ्या रेशनकार्डधारकांनाही. ८,५०० रुपयांची एक फेरी म्हणजे त्या मर्यादेच्या दोन टक्क्यांहूनही कमी. कुटुंबाच्या ५ लाखांतूनच ती वजा केली, तरी कोणाची हरकत असेल असे मला वाटत नाही. ती गुलाबी पावती घेऊन आलेल्या मुलाची तरी नव्हती. आणि वेळेवर पोहोचलेल्या रुग्णाचा अतिदक्षता विभागातला मुक्काम कमी होतो, हा खर्चातला फरक वेगळाच.

दुसरा आक्षेप गैरप्रकाराचा. क्लेम विभागात आयुष्य गेल्यामुळे याची मला पूर्ण कल्पना आहे. किलोमीटरमागे पैसे म्हटले की किलोमीटर फुगतात. परंतु गावाची आणि रुग्णालयाची जागा ठरलेली आहे, अंतर नकाशावर आहे, गाडीत जीपीएस बसवता येतो, आणि योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना मदत करणारा योजनेचा माणूस, बसलेला असतो. रुग्ण आल्याची वेळ, गाडीचा क्रमांक आणि गाडीत सहायक होता की नव्हता, एवढी नोंद त्याने घेतली तरी खोट्या फेऱ्यांना मोठा आळा बसेल. शस्त्रक्रियेच्या क्लेममध्ये याहून कितीतरी गुंतागुंतीच्या गोष्टी आपण तपासतो.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी मांडत नाही, पण मला तीच सर्वांत काळजीची वाटते. दर एकदा ठरला आणि मग वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर चांगल्या गाड्या योजनेकडे पाठ फिरवतील. खासगी रुग्णालयांची पॅकेजच्या दरांबद्दलची नाराजी आपण ऐकतोच. रुग्णालय निदान दुसऱ्या रुग्णांवर तो तोटा भरून काढू शकते. एका गाडीचा मालक, जो बहुधा स्वतःच चालकही असतो, तो डिझेल महागले की त्याच आठवड्यात सहायक काढून टाकील आणि सिलिंडर अर्धा भरून निघेल. म्हणून दराला डिझेलच्या किमतीशी बांधावे आणि दर वर्षी तो आपोआप सुधारावा, त्यासाठी नव्या शासन निर्णयाची वाट पाहण्याची वेळ येऊ नये.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयात या योजनेतील उपचारांची संख्या १,३५६ करण्यात आली. प्रत्येक उपचाराला संकेतांक आहे, दर आहे, कोणते कागद जोडायचे ते लिहिलेले आहे. त्याच यादीत रुग्णालय-ते-रुग्णालय प्रवासाच्या तीन ओळी घालाव्यात, ‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ गाडीसाठी एकेक, आणि जोडायच्या कागदांत रेफर चिठ्ठी, प्रवासाची नोंद आणि आरोग्यमित्राची पोच यांचा समावेश करावा. सुरुवात नागपूरला रुग्ण पाठवणाऱ्या जिल्ह्यांपासून करता येईल. २०१२ मध्ये मूळ योजनेची सुरुवातही निवडक जिल्ह्यांतूनच झाली होती, आणि त्यांत गडचिरोली होते.